हमदमच्या हातचा घास

दर सोमवारी सकाळी मी पोरांना वजनकाट्यावर उभं करते. बावीस वर्षं हेच चाललंय. काटा रेशमाच्या गिरणीतून आणलेला आहे, त्यावर पूर्वी कोशांची पोती तोलायचे. गोलरक्षक तुर्सुन काट्यावर चढताना बूट काढतो, मोजे काढतो, बोटातली अंगठीसुद्धा काढून माझ्या टेबलावर ठेवतो, आणि तरी दोन किलो जास्तच भरतो.

"ओपा, हा काटा किड्यांचा आहे. माणसाला तो खोटं सांगतो," हे त्याचं ठरलेलं.

"काटा खरं सांगतो. खोटं तू दर गुरुवारी स्वतःला सांगतोस, एवढंसं खाल्लं तर काय होतंय म्हणून," हे माझं ठरलेलं.

मी मावलुदा, मार्गिलानच्या गिरणीच्या फुटबॉल संघाची डॉक्टर. ओपा म्हणजे ताई, अका म्हणजे दादा. संघातली सगळी पोरं मला तेच म्हणतात. आमचा संघ वरच्या लीगमध्ये कधी गेला नाही आणि आहे तिथून खालीही कधी घसरला नाही. पोरं चांगली आहेत. धावतात, भांडतात, एकमेकांच्या लग्नांत नाचतात, आणि एक किलो कमी कर म्हटलं की घरात कुणी वारल्यासारखं तोंड करतात.

जुलैत एल्योर आला. तेवीस वर्षांचा, ताश्कंदच्या एका क्लबमधून सुटलेला. काट्यावर उभा राहिला, अडुसष्ट किलो. पुढच्या सोमवारी अडुसष्ट. त्याच्या पुढच्या सोमवारीही अडुसष्ट.

"हा माणूस आहे की वजनाचा दगड?" तुर्सुन म्हणाला.

आमचे प्रशिक्षक कोबिल-अका अठ्ठावन्न वर्षांचे. पोराची तोंडावर स्तुती केली की ते वाया जातं, असं त्यांचं पक्कं मत. पहिल्या सरावात एल्योरनं उंचावरून आलेला चेंडू डाव्या पायावर झेलला, तो पायाला चिकटल्यासारखा खाली आला, आणि हा पठ्ठ्या दोघांच्या मधून चालत गेला. धावला नाही, चालत गेला. कोबिल-अका सूर्यफुलाच्या बिया चघळत होते, ते चघळायचे थांबले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मावलुदा, या पोराची नीट तपासणी करा. असं पोरगं कुणी उगाच सोडत नाही. कुठंतरी खोट असणार."

खोट मला त्याच दुपारी सापडली. नाडी बघायला हात हातात घेतला तर बोटांच्या टोकांवर सुईचे बारीक काळे ठिपके.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्यानं हात मागे घेतला. "काय कधीपासून?"

"मी डॉक्टर आहे, न्हावी नाही. साखरेचा आजार कधीपासून आहे?"

चौदाव्या वर्षापासून होता. दिवसातून चार वेळा इन्सुलिनची सुई, आठ-दहा वेळा बोट टोचून आकडा बघायचा. ताश्कंदच्या क्लबात डॉक्टरांनी ते कागदावर लिहिलं आणि आठव्या दिवशी त्याला घरी पाठवलं. कारण दिलं, जोखीम.

"ओपा, नऊ वर्षांत साखरेमुळे मी एक सामना सोडलेला नाही," तो म्हणाला. "पण तो शब्द कागदावर आला की माझ्या पायांकडं कुणी बघतच नाही. इथूनही गेलो तर मला घेणारं कुणी उरलेलं नाही. कृपा करून कुणाला सांगू नका."

मी काय करायला हवं होतं, ते मला कळत होतं. कोबिल-अकांना सांगायला हवं होतं. असा आजार असलेला माणूस खेळू शकतो, त्यात नियमाविरुद्ध काही नाही. पण नियम एक असतो आणि क्लबच्या कचेरीत बसलेली माणसं दुसरी असतात. पोराच्या डोळ्यांत भीती होती आणि पायांत जे होतं ते मी सकाळीच पाहिलं होतं. मी गप्प बसायचं कबूल केलं. दोन अटी घातल्या. सराव असो की सामना, आधी मला आकडा दाखवायचा. आणि खडीसाखर त्याच्या मोज्यात असेल तशी कुटलेल्या खडीसाखरेची पुडी माझ्या पिशवीतही कायम राहील, कारण साखर एकदम खाली गेली की माणूस भानावर राहत नाही आणि तेव्हा त्याच्या तोंडात साखर घालणारं कुणीतरी लागतं. कागदावर मी लिहिलं, खेळण्यास योग्य. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

आता गुरुवारचं सांगते. गुरुवारी सराव संपला की सगळे कालव्याकाठच्या चहाखान्यात जातात आणि ओश होतो. भात, गाजर, मांस, मेंढीच्या शेपटीची चरबी. ओश आमचा कर्णधार हमदम स्वतः करतो. तेहतीस वर्षांचा, मधल्या फळीत खेळतो, मान बैलासारखी आणि मन मऊ. त्याची स्वतःची कढई चहाखान्यात ठेवलेली आहे, तिला दुसऱ्यानं हात लावलेला त्याला खपत नाही. मी बाई माणूस, पण बावीस वर्षांत ते सगळे विसरून गेलेत. सगळे बसतात त्या लाकडी तख्ताच्या टोकाला माझी चहाची किटली वेगळी असते.

आमच्याकडे ओश एका थाळ्यातून दोघं-तिघं मिळून खातात. संघात नवा माणूस आला की पहिला घास हमदम त्याला स्वतःच्या हातानं भरवतो. बोटांनी भात दाबून, वर मांसाचा तुकडा ठेवून, थेट तोंडात. संघातल्या प्रत्येकानं तो घास घेतलेला आहे. ज्यानं घेतला तो आपला झाला, मग त्याचा पाय मोडो की लग्न मोडो, सगळे त्याच्या दारात उभे राहतात.

एल्योर पहिल्या गुरुवारी डबा घेऊन आला होता. उकडलेली कोंबडी आणि मोजून घेतलेला बकव्हीटचा, म्हणजे कुट्टूचा भात. तख्ताच्या कडेला बसून तो खायला लागला, तेवढ्यात हमदम घास घेऊन त्याच्यासमोर आला.

"तोंड उघड, उका. आता तू आमचा धाकटा भाऊ."

एल्योरनं तोंड बाजूला फिरवलं. "नको अका. मी हे खात नाही."

 चहाखान्याच्या पिंजऱ्यातला लावा पक्षी तेवढा ओरडत राहिला. हमदमचा हात तसाच पुढे, बोटांवरून तेल मनगटाकडे ओघळत होतं. मग त्यानं तो घास स्वतःच्या तोंडात टाकला, सावकाश चावला, आणि हसून म्हणाला, "राजधानीचं पोट आहे. आपला ओश कुठला पचायला." सगळे हसले. त्या दिवसापासून हमदमनं एल्योरला पुन्हा कधी उका म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एल्योरला खोलीत बोलावून चार शब्द सुनावले. "एका घासानं मरत नव्हतास!"

"ओपा, इथं एक घास कधी असतो का? एक घेतला की मांडीला मांडी लावून बसवतात. मांस कापून आपल्याकडे सरकवतात. पुरे म्हटलं की विचारतात, आमच्यावर राग आहे का. तेवढा भात खायचा तर आधी सुई घ्यावी लागते. कुठं घेऊ? सगळ्यांच्या समोर?"

"निदान छातीवर हात ठेवायचास. गोड बोलून नाही म्हणायचं असतं. आजारपण सोड, तुला माणसांत वागायची रीत नाही!"

 खरं तर त्याचं दुखणं फक्त साखरेचं नव्हतं. चौदाव्या वर्षापासून आकडे मोजत एकटा जगलेला पोरगा तो. कुणी जवळ आलं की याच्या अंगावर काटा. एवढा गुणी खेळाडू, पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही.

पुढच्या सामन्यात मी मोजलं. नाडीचं घड्याळ आणि कागद घेऊन बाकावर बसले होते. पहिल्या पंचेचाळीस मिनिटांत एल्योरकडे चार वेळा चेंडू आला, त्यातल्या दोन वेळा समोरच्या संघाकडून. आमची पोरं कुणी ठरवून करत नव्हती, हे मी शपथेवर सांगते. हमदम चेंडू घ्यायचा, मान वर करायचा, एल्योर मोकळा दिसायचा आणि हमदम दुसरीकडे द्यायचा. तो दुसरीकडे द्यायचा म्हणून बाकीचेही दुसरीकडे द्यायचे. एल्योर चेंडू मागत इकडून तिकडे उगाच धावायचा. त्या रिकाम्या धावण्यानं साखर खाली यायची, मध्यंतराला तो कोपऱ्यात तोंड करून खडीसाखर चोखायचा. तुर्सुन म्हणायचा, "बघा, साहेब मिठाई खातायत. आमच्या हातचं चालत नाही, स्वतःच्या मोज्यातलं चालतं." सप्टेंबर संपेपर्यंत हेच चाललं.

मी हमदमला गाठलं. तो मालीश करून घ्यायला टेबलावर पालथा पडला होता, पळून जाणं शक्य नव्हतं.

"त्याला चेंडू का देत नाहीस?"

"देतो की."

"मी मोजते रे, गाढवा."

 तो उशीत तोंड खुपसून म्हणाला, "ओपा, मी मुद्दाम काही करत नाही. पण पाय ऐकत नाही. बारा वर्षं मी हातानं भरवतोय, कुणी तोंड फिरवलं नाही. कोबिल-अकांनीसुद्धा घेतलाय माझ्या हातचा घास. माझा हात घाण आहे का? तुम्ही सांगा."

सांगायचं सगळं माझ्या जिभेवर होतं. मी त्याच्या पोटऱ्या जोरात दाबल्या, तो ओरडला, आणि विषय तिथंच राहिला. आपण चुकतोय हे मला त्याच दिवशी कळायला लागलं होतं. मी पोराचं गुपित सांभाळत होते आणि त्यातच त्याचा खेळ बुडत होता.

ऑक्टोबरात कोबिल-अका माझ्या खोलीत आले. बिया काढल्या नाहीत, म्हणजे काम गंभीर होतं.

"मावलुदा, एल्योरला काही दुखतंय का?"

"नाही."

"मग त्याचा स्वभाव दुखतोय. गुणी आहे, पण संघात बसत नाही. दात कितीही चांगला असला तरी दुसऱ्याच्या तोंडात बसवता येत नाही. शनिवारी कोकंदला सामना आहे. त्यात काही दिसलं तर ठेवतो. नाही तर सोमवारी कचेरीला कळवून मोकळा करतो."

शुक्रवारी मी ते एल्योरला जसंच्या तसं सांगितलं. तो बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत बसला. मला वाटलं आता रडेल. तो म्हणाला, "ओपा, अर्धा थाळा ओश खायचा तर किती युनिट घ्यावं लागेल?"

मी हिशेब केला. "आठ. पण का?"

"कोकंदच्या वाटेवर रिश्तानला हमदम-अकांच्या बहिणीचं घर आहे. बस तिथं थांबल्याशिवाय राहायची नाही. घास त्यांनी नाही दिला तर मी मागून घेईन."

मला इतका आनंद झाला की मी त्याचा कान पिरगाळला.

शनिवारी तसंच झालं. बहिणीच्या दारावरून न थांबता गेलो असतो तर ती वर्षभर हमदमशी बोलली नसती, हे कोबिल-अकांनाही कबूल होतं. "चहा. फक्त चहा. दहा मिनिटं," ते म्हणाले, आणि ड्रायव्हरबरोबर बसचं चाक बघायला बाहेर राहिले. आत अंगणात तुतीखाली जेवायची चादर, म्हणजे दस्तरखान, पसरलेलं, बहिणीचा नवरा कढईतून झारा बाहेर काढत होता. पाहुण्यांना नुसत्या चहावर कोण सोडतं?

एल्योर न्हाणीघरात जाऊन आला. माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे सुई घेतली. डबा त्यानं घरीच ठेवला होता. मग तो सरळ जाऊन हमदमच्या शेजारी मांडी घालून बसला. हमदमनं एकदा त्याच्याकडे बघितलं, थोडा सरकला, जागा केली. हातांवर पाणी घातलं गेलं. थाळे आले. वाफ येत होती, वर मांस आणि आख्खा लसूण.

त्याच क्षणी कोबिल-अका दारातून आत आले.

"हे काय आहे?" त्यांचा आवाज शेजारच्या गल्लीत गेला असेल. "सामन्याला दोन तास उरलेत आणि चरबी खाताय? उठा! एक शीत तोंडात जाता कामा नये! सगळे उठा!"

बहिणीच्या नवऱ्यानं हातापाया पडून पाहिलं. कोबिल-अकांनी त्याला मिठी मारली, माफी मागितली, आणि सगळा ओश दोन मोठ्या डब्यांत भरून बसमध्ये ठेवायला लावला, सामना झाल्यावर खायला. पोरं ओले हात झटकत, पाय आपटत बसमध्ये चढली. बिचाऱ्या कोबिल-अकांचं चुकलं काय? त्यांना कुठं ठाऊक होतं की एका पोराच्या अंगात आठ युनिट इन्सुलिन फिरतंय आणि पोट रिकामं आहे.

बसमध्ये मी एल्योरच्या मागच्या बाकावर बसले. "नान खा," मी दातांत शब्द धरून म्हणाले. त्यानं अर्धा नान खाल्ला, मोज्यातली सगळी खडीसाखर खाल्ली. खेळाआधी त्यानं बोट टोचून आकडा दाखवला. आकडा बरा होता.

"आज बस बाकावर," मी म्हणाले.

"ओपा, आज बसलो तर सोमवारी घरी बसेन. आकडा बरा आहे, तुम्हीच बघितलात."

मी बघितला होता. मी जाऊ दिलं. चूक कुणाची असं विचाराल तर पहिलं नाव माझं लिहा.

पहिला अर्धा बरा गेला. दुसऱ्या अर्ध्यात वीसेक मिनिटं झाली असतील, एल्योरचा चेंडूवरचा पाय घसरला. मग दुसऱ्यांदा घसरला. मग त्यानं आमच्याच बचावातल्या एकाला छातीवर ढकललं. रेफरीनं शिटी वाजवली तर त्याच्या अंगावर ओरडत गेला, आणि ओरडता ओरडता मैदानाच्या मधेच खाली बसला.

"बघा!" कोबिल-अका हात आपटत म्हणाले. "बघा स्वभाव! रुसून बसला!"

मी त्याचं तोंड बघत होते. पांढरं पडलं होतं, कपाळ घामानं निथळत होतं, ओठ हलत होते आणि शब्द येत नव्हते.  पिशवी उचलून मी धावले तर रेषेवरच्या अधिकाऱ्यानं हात आडवा घातला. "रेफरी बोलावेल तेव्हा."

रेफरीला तो सोंग करतोय असं वाटत होतं. तो पाठ फिरवून घड्याळ बघत होता. ढकलाढकलीआधीच चेंडू बाहेर गेला होता आणि तो आत फेकायला हमदम माझ्यापासून दोन हातांवर उभा होता, चेंडू डोक्यावर धरून.

मी पुडी त्याच्या पायाशी फेकली. "हमदम! ही साखर त्याच्या तोंडात घाल!"

"काय?"

"त्याला मधुमेह आहे रे मूर्खा! रुसला नाहीये, मरतोय तो! गालाच्या आत चोळ, पळ!"

हे मी एवढ्यांदा ओरडले की कोबिल-अकांनी ऐकलं, बाकावरच्यांनी ऐकलं, कोकंदच्या प्रेक्षकांनीही ऐकलं. तीन महिने जपलेलं गुपित असं चव्हाट्यावर गेलं.

हमदमनं चेंडू टाकून दिला. पुडी उचलून तो धावत सुटला, रेफरीनं मागून वेळ काढतो म्हणून पिवळं कार्ड दाखवलं, त्यानं वळूनही बघितलं नाही. एल्योरसमोर गुडघ्यांवर बसून त्यानं पुडी फोडली, ओशचा घास करतो तशी तीन बोटांत साखर घेतली. एल्योरला काही कळत नव्हतं. त्यानं तोंड बाजूला फिरवलं. अगदी चहाखान्यात फिरवलं होतं तसंच.

या वेळी हमदमनं हात मागे घेतला नाही. डाव्या हातानं त्याचा जबडा धरला आणि बोटं त्याच्या गालात घातली. "खा, उका," तो म्हणत होता, "खा रे, खा." एल्योर त्याची बोटं चावला. हमदमनं आणखी साखर घेतली आणि पुन्हा घातली. एकदाचं रेफरीला कळलं, मला आत घेतलं. मी पोचले तेव्हा एल्योरनं गिळायला सुरुवात केली होती. पाच मिनिटांनी तो शुद्धीवर आला आणि पहिला प्रश्न विचारला, "ओपा, तुम्ही सांगितलंत?"

"सांगितलं. आणि तू सुई किती घेतलीस, ते सांग."

त्यानं मान खाली घातली. "दहा. अर्ध्या थाळ्यावर मला कोण सोडणार होतं?"

सामना बरोबरीत सुटला, एकही गोल नाही.  बसमध्ये चढताना कोबिल-अका म्हणाले, "मावलुदा, तुम्ही मला सांगितलं नाहीत. बावीस वर्षं मी तुमच्या शब्दावर पोरं मैदानात उतरवतोय."  शरम वाटली आणि अजून वाटते.

दिवस कलताना बस कालव्याकाठच्या आमच्या चहाखान्यात थांबली. हमदमनं दोन्ही डबे कढईत ओतून ओश गरम केला. थाळे भरले. सगळे गोल करून बसले, हात धुतले. पहिला घास सगळ्यांत मोठ्यानं घ्यायचा असतो, म्हणजे कोबिल-अकांनी. त्याआधी कुणी थाळ्याला हात लावत नाही.

एल्योर कडेला उभा होता. हमदमनं आपल्या शेजारची जागा हातानं थोपटली. तो येऊन बसला. हमदमनं घास दाबला, वर मांस ठेवलं, उचलला, आणि मधेच थांबला. माझ्याकडे वळून विचारलं, "ओपा, देऊ का?"

"त्याला विचार," मी म्हणाले.

एल्योरनं खिशातून यंत्र काढलं. सगळ्यांसमोर बोट टोचलं, आकडा बघितला. मग शर्ट वर करून सगळ्यांसमोर पोटात सुई घेतली. तुर्सुननं डोळे मिटून घेतले, एवढा धिप्पाड माणूस पण सुईला भितो. एल्योरनं छातीवर हात ठेवला. "अका, पंधरा मिनिटं थांबावं लागतं. तुम्ही सगळे सुरू करा, थंड होईल."

कुणी हललं नाही. सगळे कोबिल-अकांकडे बघत होते. सोमवारी याला ठेवणार की घालवणार, ते त्यांच्या एका शब्दावर होतं, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोबिल-अकांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. धुतलेले हात मांडीवर ठेवले.

"सहा वाजून दहा झालेत," ते म्हणाले. "सहा पंचवीसला सुरू करू. आणि सोमवारी, मावलुदा, या पोरानं काय खायचं, कधी खायचं, ते सगळं कागदावर लिहून मला द्या. त्याला खेळवायचा तर मला माहीत असायला हवं."

ओश थंड होऊ देणारा माणूस मी आमच्या खोऱ्यात आजवर पाहिला नव्हता. त्या संध्याकाळी एकवीस माणसं धुतलेले हात मांडीवर ठेवून पंधरा मिनिटं बसली. वर चरबी गोठायला लागली. हमदमनं घास पुन्हा थाळ्यात ठेवला होता, त्यावर त्याच्या बोटांचे ठसे तसेच होते.

तुर्सुनला राहवलं नाही. "अरे, पुढच्या वेळी सुई आधीच घेऊन येत जा ना!"

"आज तसंच केलं होतं," एल्योर म्हणाला. "भातच आला नाही."

 मग कोबिल-अकाच आधी हसले, आणि मग सगळे असे हसले की शेजारच्या तख्तावरचे म्हातारे वळून बघायला लागले. संघात येऊन तीन महिने झाले होते, एल्योरचा हा पहिला विनोद. हमदमनं डोळे पुसले. "आजपासून ठरलं. थाळा समोर आल्याशिवाय सुई नाही. आणि सुई झाल्याशिवाय कुणाचाच घास नाही."

सहा पंचवीसला कोबिल-अकांनी पहिला घास घेतला. मग हमदमनं हात पुढे केला, आणि एल्योरनं तोंड उघडलं. मी रडले, त्यात लपवायचं काय. भात गार झाला होता, तरी मी पहिल्यांदा दोन वाडगे खाल्ले.